करकमकर साहेबांचे एकवीस हजार डाव

आमच्या कॉलेजचे कार्यालयीन अधीक्षक वेणीमाधव करकमकर बुद्धिबळ खेळतात असं म्हणणं हा त्या खेळाचा अपमान आहे. दुसरा शब्द सापडत नाही म्हणून मीही तोच वापरते. मी त्याच कॉलेजात ग्रंथालय सहायक आहे, चंद्रिका माझं नाव. अक्कलकोटला आमच्या किराणा दुकानाच्या फळीवर पट मांडून वडिलांनी मला हा खेळ शिकवला. गिऱ्हाईक आलं की पट तसाच बाजूला सरकवायचा आणि गिऱ्हाईक गेलं की पुढची चाल. मी मोठी खेळाडू नाही, पण चांगला खेळ आणि वाईट खेळ यातला फरक मला कळतो. त्यामुळेच मला त्रास झाला. ज्यांना कळत नव्हता त्यांनी करकमकरांना चहा पाजला.

साहेब सत्तेचाळीस वर्षांचे, उंच, गोरे, आवाज भारदस्त. वडील संस्कृतचे शिक्षक होते. बायको, सरोजिनीताई, शाळेत गणित शिकवतात. लॉकडाउनात लोक काय काय शिकले. करकमकर फोनवर बुद्धिबळ शिकले, म्हणजे एक युक्ती शिकले आणि तिथंच थांबले.

पहिल्या चालीला राजापुढचं प्यादं दोन घरं. दुसऱ्या चालीला वजीर बाहेर, थेट पटाच्या काठावर. तिसऱ्या चालीला उंट. मग वजीर आणि उंट मिळून समोरच्या राजाच्या शेजारच्या प्याद्यावर तुटून पडायचे आणि चौथ्या चालीला मात. नवशिक्याला ही मात एकदा बसते. ज्याला एकदा बसली तो जन्मभर सावध राहतो. करकमकरांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. पांढरी मोहरी असोत की काळी, वजीर दुसऱ्या चालीला बाहेर. समोरचा मग एकेक मोहरं काढत त्या वजिराला पटभर हाकलत फिरवायचा. साहेबांचे घोडे आपले डाव संपेपर्यंत घरात. सरोजिनीताई एकदा मला म्हणाल्या, "मी विचारलं यांना, अहो, घोडे कधी बाहेर काढता? तर म्हणाले, वेळ आली की." किल्लेकोटही ते करत नसत. राजाला कोपऱ्यात लपवणं त्यांना भ्याडपणाचं वाटे. मग तो राजा मधोमध उभा राहून मार खाई.

खेळायचे ते तीन-तीन मिनिटांचे डाव, ऑफिसात, टेबलाच्या कडेला फोन टेकवून. डाव हातातून गेला की फोन जडवस्तू नोंदवहीखाली पालथा घालायचे आणि घड्याळ संपेपर्यंत फायलींवर शिक्के मारत बसायचे. दुसऱ्या टोकाला कुठल्या तरी देशातला कुणी भला माणूस ताटकळत बसलेला. "आपण डाव सोडत नाही," असं ते छाती काढून सांगत. मला हे शौर्य कधी कळलं नाही.

त्या अ‍ॅपवर कुणाचीही कामगिरी कुणालाही बघता येते, हे बहुधा त्यांना ठाऊक नसावं. मी एका दुपारी वाचनालय रिकामं असताना बघितली. चार वर्षांत एकवीस हजार सहाशे चाळीस डाव. जिंकले नऊ हजार आठशे सत्तर, हरले दहा हजार नऊशे, बाकीचे बरोबरीत. हरलेल्यांपैकी सहा हजारांवर घड्याळ संपून, म्हणजे नोंदवहीखाली. रेटिंग म्हणून एक आकडा असतो, जिंकलं की चढतो, हरलं की उतरतो. करकमकरांचा साडेअकराशेच्या आसपास चार वर्षं नुसता उठाबशा काढत होता. पितृपक्षातल्या एका मंगळवारी तो बाराशे तीनवर गेला होता. त्या पडद्याचा फोटो काढून, लॅमिनेट करून, त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. हरलेल्या प्रत्येक डावाला कारण तयार असे. नेट गेलं, फोन तापला, समोरचा कॉम्प्युटर लावून खेळत होता. आणि या माणसाने चहा सांडणाऱ्या शिपायाला सुनावायचं, "आयुष्यात दोन चाली पुढचं बघावं!"

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या सगळ्यांच्या रजेच्या अर्जांवर सही त्यांची. डाव हरले की अर्ज परत येई, 'कारण सविस्तर लिहा' असा लाल शाईतला शेरा मारून. जिंकले की न वाचता सही.

हे पहिल्यांदा ओळखलं धनाजीने. धनाजी आमचा कनिष्ठ लिपिक, अठ्ठावीस वर्षांचा, मोहोळहून रोज एसटीने येणारा. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याचा अर्ज तीनदा परत आला होता. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो ग्रंथालयात आला.

"मॅडम, तुमाला बुद्धिबळ येतं न्हवं? मला जरा शिकवा की."

"आता हे कुठून काढलंस?"

"सायबांसंगं हरायचंय."

मला हसू आलं. "हरायला शिकायला कशाला पाहिजे?"

"लागतंय, मॅडम. काल मी खोट्या नावानं आव्हान धाडून खेळलो त्येंच्यासंगं. नुसतीच सोंगटी हलवली. जितले, पन तोंड वाकडंच. म्हनले, कुनी तरी येडं आलं हुतं, मजा न्हाय आली. सही न्हाय केली."

मी त्याला शिकवलं. कपाटामागच्या टेबलावर, रोज वीस मिनिटं. डोकं तल्लख होतं त्याचं. पंधरा दिवसांत त्याने नवं खातं उघडलं, नाव 'व्हिक्टर', नावापुढे रशियाचा झेंडा. एके सकाळी अकरा वाजता करकमकर खुर्चीतून अर्धे उठले आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "रशियाचा होता! वीस चालींत गुंडाळला!" अकरा वाजून दहा मिनिटांनी धनाजीच्या अर्जावर सही झाली. त्याच्या आईचं ऑपरेशन नीट पार पडलं.

इथेच ही गोष्ट संपायला हवी होती. पण ऑफिसात कुठली सोय लपून राहते? परीक्षा विभागातला गुरप्पा धनाजीला म्हणाला, माझी पण एक रजा काढून दे की. मग दुसरा, मग तिसरा. सकाळी धनाजीच्या कानात सांगायचं, अकराला व्हिक्टर हरायचा, सव्वाअकराला अर्ज पुढे करायचा. पण रोज रोज एकच रशियन हरला तर संशय येईल म्हणून गुरप्पा नॉर्वे झाला. लेखा विभाग जपान झाला. मी ब्राझील झाले. हे सांगताना मला लाज वाटते, पण अक्कलकोटला माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता आणि माझ्या अर्जावरही लाल शेरा आला होता.

त्यांच्याशी हरणं किती कठीण आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी माझा वजीर त्यांच्या प्याद्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. त्यांनी बघितलाच नाही. दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला, तरी नाही. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा ते स्वतःचाच वजीर माझ्या हत्तीखाली घेऊन आले. मी तो खायचं टाळलं, राजा चालवत चालवत त्यांच्या उंटाला सोयीच्या कोपऱ्यात आणला आणि एवढी खटपट केल्यावर कुठे मात झाली. पलीकडून त्यांचा आवाज आला, "ब्राझीलवाल्यांना फक्त फुटबॉल येतं!" मी साखरपुड्याला गेले. तिथे कुणी तरी विचारलं, रजा मिळाली का, तर मी नुसती मान हलवली.

धनाजीचं आणखी एक त्रांगडं होतं. सतत हरल्यामुळे व्हिक्टरचं रेटिंग घसरायला लागलं, आणि साहेब खालच्या रेटिंगवाल्याला जिंकून खूश होईनात. मग धनाजी संध्याकाळच्या एसटीत खरं खेळायला लागला. सोलापूर ते मोहोळ जगभरच्या लोकांना हरवायचा, रेटिंग वर न्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी अकराला ते साहेबांच्या पायावर वाहायचा. असं जवळजवळ वर्षभर चाललं. करकमकर साडेअकराशेवरून तेराशे, पंधराशे, करत करत सोळाशेच्या वर गेले. काचेखालचा कागद आठवड्याला बदलायला लागला. चाल आता हळू झाली, आवाज आणखी खाली गेला. स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी त्यांचा शाल देऊन सत्कार केला आणि आम्ही अकरा गुन्हेगारांनी टाळ्या वाजवल्या.

मग माढ्याच्या एका संस्थेने शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची बुद्धिबळ स्पर्धा ठेवली. तीन जणांचा संघ. करकमकर कप्तान, तेव्हा निवडही त्यांचीच. धनाजीला घेतलं सामान उचलायला आणि मला घेतलं कारण पत्रकात एक महिला हवी असं लिहिलं होतं. जीपमध्ये ते वाटभर आम्हाला शिकवत आले. "घाबरायचं नाही. पहिल्या चार चालींतच समोरच्याला संपवायचं." धनाजी खिडकीबाहेरचा ऊस बघत "व्हय सायब, व्हय सायब" करत होता.

माढ्याला शाळेच्या सभागृहात लाकडी पट मांडले होते, शेजारी घड्याळं. प्रत्येकाला तीस-तीस मिनिटं. करकमकरांनी पाच वर्षांत खरं मोहरं हातात धरलं नव्हतं. फोनवर मोहऱ्याला बोट लावलं की ते कुठे जाऊ शकतं तिथे ठिपके उमटतात, आणि चुकीची चाल फोन करूच देत नाही. लाकडी पटावर ठिपके नसतात. पहिल्याच डावात साहेबांच्या राजाला शह बसला आणि त्यांना तो दिसलाच नाही. ते वजीर उचलून भलतीकडेच गेले. पंच आले, नियम सांगितला, ताकीद दिली. सहा-सात चालींनी पुन्हा तेच. पंचांनी डाव समोरच्याला दिला.

"ही काय पद्धत आहे? शह आहे हे सांगायला नको?" करकमकर म्हणाले.

पंच शांतपणे म्हणाले, "साहेब, ते आपणच बघायचं असतं."

दुसऱ्या डावात समोर आले माळशिरसचे उदयसिंह, तिथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर, पन्नाशीचे, मिशाळ, अतिशय सभ्य गृहस्थ. बाराव्या चालीला साहेबांचा वजीर गेला. विसाव्याला दोन्ही हत्ती गेले. माझा डाव लवकर संपला होता, मी दोन पट सोडून उभी होते. करकमकरांच्या उजव्या हाताची बोटं टेबलावर काही तरी शोधत होती. पालथा घालायला तिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, नजर पटावर लावली आणि स्तब्ध बसले. घड्याळात एकवीस मिनिटं उरली होती.

पाच मिनिटं गेली. उदयसिंहांनी एक चहा घेतला. दहा मिनिटं गेली. साहेब पापणीही हलवत नव्हते. उदयसिंह अस्वस्थ झाले, वाकून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"सायब, जीव बरा हाय न्हवं?"

साहेबांची नजर पटावरच.

"वो सायब! ऐकू येतंय का?" मग ते उठूनच उभे राहिले. "अवो पंच, हितं या जरा! ह्येंना काय तरी झटका आलाय वाटतं!"

सगळं सभागृह उठलं. कुणी पाणी आणलं, कुणी साखर आणली, कुणी पंखा त्यांच्याकडे वळवला. आता हा माणूस म्हणेल, मला काही झालेलं नाही, मी हरतोय आणि ते मान्य करायची माझी तयारी नाही. एवढं म्हटलं असतं तर मी त्यांना थोडा मान दिला असता. पण करकमकरांनी एकदा पटाकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे बघितलं, आणि हळूच डोळे मिटून म्हणाले, "हो... जरा चक्कर आल्यासारखं..."

उदयसिंहांनी त्यांना स्वतः खांदा देऊन जीपपर्यंत नेलं. मागच्या सीटवर झोपवलं, बुटांच्या नाड्या सोडल्या. परत येऊन त्यांनी पंचांना विनवलं, "बरोबरी लिवा की. मानूस आजारी हाय." ज्याची दोन चालींत मात होती तो माणूस बरोबरी मागत होता. पंचांनी नियमाप्रमाणे घड्याळ संपू दिलं.

उरलेले तीन डाव करकमकर जीपमध्ये झोपून राहिले. डॉक्टर बोलावू का म्हटलं तर नको म्हणाले. चिवडा दिला तो मात्र सगळा खाल्ला. मी पाचांतले दोन जिंकले. धनाजी पाचांतले चार जिंकला, आणि त्यातल्या एका डावात त्याने हत्ती देऊन अशी मात केली की शेजारचे आपले डाव सोडून बघायला आले. हे बघायला आमचे कप्तान नव्हते. परत येताना त्यांनी विचारलंही नाही. ऑफिसात मात्र त्यांनी सांगितलं, "तब्येतीने दगा दिला. नाही तर माढा आपलंच होतं."

पुढच्याच आठवड्यात, सकाळी साडेअकराला, त्यांचं खातं बंद झालं. त्याच मिनिटाला रशियाही बंद, नॉर्वेही बंद, जपान, ब्राझील, सगळं जग बंद. अ‍ॅपवाल्यांचा मेल आला. ही सगळी खाती एकाच जागेच्या वायफायवरून चालतात आणि ठरवून हरतात, रेटिंग फुगवलेलं आहे, सबब खाती कायमची बंद. साहेबांनी तो मेल तीनदा वाचला. मग धनाजीला आत बोलावलं. मी नव्या पुस्तकांची यादी सहीला घेऊन तिथेच उभी होते.

"व्हिक्टर कोण?"

धनाजीने लपवलं नाही. "मी, सायब."

"नॉर्वे?"

"त्यो गुरप्पा."

"आणि ब्राझील?"

धनाजी माझ्याकडे बघेना. मीच म्हटलं, "मी."

"मॅडम, तुम्हीसुद्धा?"

"मला अक्कलकोटला जायचं होतं, साहेब. तीनदा वजीर तुमच्या पुढ्यात ठेवला. तुम्ही खाल्ला नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम लहान दिसला. काचेखालच्या कागदावर बोट ठेवून ते धनाजीला म्हणाले, "म्हणजे मी खरा किती?"

"साडेअकराशे, सायब," धनाजी म्हणाला. मग त्यानेच भर घातली, "कवा कवा बाराशे."

त्यांनी चष्मा चढवला, उरलेले देश कोण कोण तेवढं विचारून घेतलं. हात हलवून आम्हाला बाहेर जायला सांगितलं. त्या संध्याकाळी मला त्यांची कीव आली. घरी जाताना वाटलं, आपण अकरा जणांनी मिळून एका माणसाचं हसं केलं, आणि सहीसाठी केलं.

माझी ती कीव वाया गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा अकरा जणांच्या टेबलावर ज्ञापन होतं. 'कार्यालयीन वेळेत भ्रमणध्वनीवर खेळ खेळल्याबद्दल आपणांविरुद्ध कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' खाली सही, वे. मा. करकमकर. पाच वर्षांत एकवीस हजारांवर डाव खेळलेल्या माणसाची सही!

आम्ही खुलासे दिले. एकत्र बसून काही ठरवलं नव्हतं, तरी सगळ्यांचा मजकूर जवळजवळ एकच निघाला. 'आम्ही माननीय अधीक्षकांशीच खेळत होतो.' नियमाप्रमाणे ते अकरा कागद प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी ते ओळीने वाचले, मग करकमकरांना बोलावून दार लावून घेतलं. आत काय झालं ते मला माहीत नाही. रजेच्या अर्जांवर त्या दिवसापासून उपप्राचार्य बाई सह्या करतात. त्या अर्ज वाचतात आणि कारण पटलं तर सही करतात. आम्हाला सुरुवातीला हे फार विचित्र वाटलं.

करकमकर आहेत तिथेच आहेत. महिन्याभरात त्यांनी नवं खातं उघडलं. मी बघितलं. दोन हजारांवर डाव झालेत, आकडा एक हजार नव्वद. वजीर दुसऱ्या चालीलाच बाहेर येतो. माढ्यातून काही शिकले असतील तर एवढंच, की कुणी विचारलं तर आता आधीच सांगतात, तब्येत बरी नसते म्हणून.

धनाजीने फोनवर खेळणं सोडलं. मोहोळला बाजाराजवळ काही लोक रविवारी जमतात, तिथे लाकडी पटावर खेळायला लागला. यंदा माढ्याची स्पर्धा पुन्हा झाली. त्यात तो वैयक्तिक तिसरा आला. एका स्थानिक पेपरात चार ओळींची बातमी आली, त्यात शेवटी छापलं होतं, 'त्यांना अधीक्षक वेणीमाधव करकमकर यांचे मार्गदर्शन लाभले.' बातमी कुणी पाठवली असेल हे सांगायला नकोच. कॉलेजात सत्कार झाला, त्यात करकमकर वीस मिनिटं बोलले. "रोज अकरा वाजता मी याला माझ्याशी खेळायला लावायचो," असं हा माणूस भर सभेत म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. धनाजी शाल पांघरून मान खाली घालून बसला होता.

सभा संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं. "तू गप्प का बसलास? उठून सांगायचं होतंस."

"काय सांगू, मॅडम? खोटं तरी कुटं हाय त्यात? त्येंच्यासंगं हरायचं म्हंजे त्येंच्या चाली आदी आपल्यालाच शोधाव्या लागायच्या. डोस्कं चाललं त्यानं." तो हसला. "असू दे की. सायबांना बरं वाटतंय."

त्याचं मन मोठं आहे, तो म्हणतो असू दे. माझं तेवढं मोठं नाही, आणि मला असू देता येत नाही, म्हणून मी हे सगळं लिहून काढलं.